रवीचा उलटा फेरा

ताक घुसळताना रवी एकाच दिशेने फिरत नाही. लहानपणी डेऱ्यापाशी बसून ज्यांनी लोण्याच्या गोळ्याची वाट पाहिली आहे त्या सर्वांनी हे पाहिलेले असते, आणि तरी त्यातले नवल बहुधा नजरेतून निसटून गेलेले असते. दोरीची दोन टोके दोन हातांत. उजवा हात छातीशी येतो तसा डावा पुढे जातो, रवी सरसरून दोन-तीन वेढे घेते, पापणी लवावी इतकाच वेळ थबकते, आणि डावा हात मागे येताच आल्या वाटेने उलटी फिरते. जाणे संपलेले आहे आणि येणे अजून सुरू व्हायचे आहे, असा हा जो मधला क्षण, त्याच्यापाशी आपण थोडे रेंगाळू या. घुसळणे, ढवळणे, खळबळणे, तगमगणे आणि आंदोलन या साऱ्या शब्दांचा आस्वाद मला याच क्षणाच्या दारातून घ्यावासा वाटतो.

माझ्या आजीच्या माजघरात एक लाकडी खांब होता. त्याला सुंभाचे दोन फास, फासांत अडकवलेला रवीचा दांडा, खाली चुंबळीवर बसवलेला डेरा, आणि समोर पाटावर एक पाय दुमडून बसलेली आजी. पौषातल्या पहाटे डेऱ्याचा घुमार ऐकूनच आम्हा मुलांना जाग येई. आधी तो आवाज जाड असे, घोंगडीत गुंडाळल्यासारखा. दही मोडत गेले की सैल होई. मग दोरी हाताला जड लागू लागे आणि थोड्याच वेळात आवाज एकदम पातळ, खळखळता होऊन जाई. आजी आत न डोकावताच म्हणे, "धरलं." मग रवी वर उचलून ती पाकळ्यांना चिकटलेले मोहरीएवढे कण उजेडात धरून पाही. कण नीट जुळत नसतील तर चुलीवरचे कोमट पाणी वाटीने डेऱ्यात सोडी आणि पुटपुटे, "थंडीत लोणी अंग चोरतं." वैशाखात याच्या उलट, माठातले गार पाणी.

या दोन पाण्यांमागचे इंगित कळते तेव्हा आजीबद्दलचा आदर आणखी वाढतो. दुधातला स्निग्धांश सूक्ष्म थेंबांच्या रूपात असतो. एकेक थेंब सरासरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या 3-4 पट, आणि प्रत्येकाभोवती एक तलम आवरण, ज्यामुळे शेजारचा थेंब अंगाला लागला तरी दोघे एक होत नाहीत. रवीच्या माराने ती आवरणे फाटतात, आतला स्नेह उघडा पडतो आणि थेंबाला थेंब चिकटत जातो. मात्र तो स्नेह फार गार असेल तर कडक राहतो, एकमेकांना धरत नाही. फार ऊन असेल तर वितळून ताकातच पसरतो. थोडा घट्ट, थोडा मऊ अशा एका अरुंद अवस्थेतच लोणी जमते, आणि आजी ती अवस्था हाताला लागणाऱ्या दोरीवरून ओळखत असे.

आणि तो उलटा फेरा? रवी एकाच दिशेने फिरवत राहिलो तर दही डेऱ्याच्या आत संथ भोवऱ्यासारखे फिरू लागेल. सगळे थेंब एकाच वेगाने एकाच बाजूला निघालेले, जत्रेतल्या चक्रात शेजारी शेजारी बसलेल्या माणसांसारखे, कोणाचा कोणाला धक्का नाही. रवी उलटते तेव्हा पुढे निघालेल्या थरावर मागे वळलेला थर आदळतो, थराला थर घासतो, आणि आवरणे फाटतात ती याच झटापटीत. लोण्याचा जन्म त्या वळणावर होतो.

समुद्रमंथनाच्या कथेकडे या नजरेने पाहिले की तिच्यातली एक गोष्ट नव्याने उजळते. मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, तळाशी कूर्माची चुंबळ हे तर आपल्याला पाठच असते. पण देव आणि दानव असे दोन पक्ष का लागले याचे उत्तर मला डेऱ्यापाशी मिळाले. दोरीला दोन टोके असतात, आणि दोन्ही टोके एकाच बाजूने ओढली तर रवी जागची हलत नाही. एकाने ओढताना दुसऱ्याने सैल सोडावे लागते, मग दुसऱ्याने ओढावे लागते. कंबोडियात अंगकोर वाटच्या मंदिरात 12 व्या शतकातल्या शिल्पकारांनी हा प्रसंग जवळपास 50 मीटर लांबीच्या भिंतीवर कोरला आहे. त्या रांगांमधल्या साऱ्या देहांचा ताण पाहताना जाणवते की घरात घुसळणारी बाई एकटीच देवही असते आणि दानवही. तिच्या दोन हातांत दोन्ही पक्ष सामावलेले असतात.

आता हातातली रवी बाजूला ठेवून आपण स्वयंपाकघरातल्या क्रियापदांकडे वळू. मराठीने हलवण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द दिला आहे, आणि त्या शब्दात हाताची मुद्राही जपून ठेवली आहे. आमटी ढवळतात, ती डावाने, मनगट सैल ठेवून, तळापासून वर. पुरण घोटतात, त्यात खांद्याचा जोर असतो. भात कालवतात तो बोटांच्या पेरांनी, आणि ज्याच्याशी कालवायचे त्या पदार्थाचे नावच कालवण. भांडी विसळतात. तांब्यात घोटभर पाणी घालून, तोंडावर पंजा ठेवून तो जोरजोराने हलवतात तेव्हा मात्र विसळणे अपुरे पडते. तिथे शब्द येतो खळबळणे. "तांब्या नुसता विसळू नकोस, खळबळून घे," हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला 'खळबळजनक बातमी' वाचताना एक जास्तीचा आवाज ऐकू येतो; कोंडलेले पाणी धातूच्या भिंतींवर आपटते आहे, वर हाताचा पंजा आहे, आणि तळाशी बसलेला गाळ सुटतो आहे. गावात खळबळ माजते म्हणजे नेमके हेच घडत असते.

कालवणेही असेच घर सोडून निघाले आणि काळजात जाऊन बसले. मुलगी सासरी निघताना आईच्या काळजात कालवाकालव होते. तिथे डावाचा ढवळणारा शब्द चालला नसता, कारण या भावनेत बोटांचा मऊपणा आहे, ओले आणि कोरडे एकमेकांत मुरण्याची क्रिया आहे, आणि एकदा कालवलेला भात पुन्हा सुटा करता येत नाही हेही त्यात आहे. ढवळणे पोटात शिरले की मळमळ होते. राजकारणात शिरले की राज्य ढवळून निघते. आणि त्याची द्विरुक्ती झाली की 'ढवळाढवळ', म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात आपला डाव घालणे. घागरीतले पाणी हिंदकळते, आणि भरून आलेले मनही. उपाशीपोटी घटाघटा पाणी प्यायल्यावर चालताना पोटात जे होते त्याला डचमळणे म्हणतात. या शब्दाला मी आजवर पर्याय शोधू शकलेलो नाही आणि शोधण्याची इच्छाही नाही.

मात्र या घराण्यातला मला सर्वात प्रिय शब्द 'चळवळ' आहे. पाळण्यातून उतरल्यापासून एका जागी न टिकणारे, डब्यांची झाकणे उघडणारे, उंबरा ओलांडून अंगणात पळणारे मूल चळवळ्या असते. आणि लोकांचे हक्क मिळवण्यासाठी माणसे जे करतात तीही चळवळ. ज्या भाषेने आपल्या सर्वात गंभीर सामूहिक कृतीसाठी रांगत्या मुलाच्या हातापायांचा शब्द निवडला तिला माणसाच्या मुक्ततेविषयी काहीतरी फार जुने आणि फार खरे ठाऊक असले पाहिजे.

मन आणि रवी यांचे नाते एकट्या मराठीने जोडलेले नाही. लॅटिनमध्ये 'अगेरे' म्हणजे हाकणे, चालवणे. त्याचे पौनःपुन्य दाखवणारे रूप 'अगितारे', पुन्हा पुन्हा हलवणे. इंग्रजीतले अॅजिटेशन तिथूनच आले. त्याच 'अगितारे'ला 'एकत्र' या अर्थाचा उपसर्ग लागून 'कोगितारे' झाले, आणि त्याचा अर्थ झाला विचार करणे. मनात विखुरलेले पुन्हा पुन्हा हलवून एकत्र आणणे म्हणजे विचार. सेंट ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात या व्युत्पत्तीपाशी थांबून तिचा आनंद घेतलेला आहे. आपण सहज म्हणून जातो त्या 'विचारमंथना'त हेच चित्र आहे, फक्त आपल्याकडे डेरा आणि लोणीही सोबत आहेत.

घुसळण्याने वस्तू बदलते, तिचा गुणच पालटतो, हे आयुर्वेदाने फार बारकाईने पाहिले. चरकसंहितेच्या विमानस्थानात संस्काराची व्याख्या येते: मूळ द्रव्यात नवा गुण आणणे म्हणजे संस्कार. तो कशाकशाने होतो हे सांगताना पाणी, अग्नी, शुद्धी, देश, काल यांच्याच पंक्तीला मंथन बसवले आहे. तेच दही, तेच त्याचे घटक, पण रवी फिरली आणि पचायला जड असणारे हलके झाले. पुढच्या ग्रंथकारांनी तर या घुसळणीच्याही जाती लावल्या. सायीसकट, पाण्याविना घुसळले तर घोल. साय काढून, पाण्याविना घुसळले तर मथित. चौथा हिस्सा पाणी घातले तर तक्र. निम्मे पाणी असले तर उदश्वित. आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण जे फुलपात्रभर देतो त्याला हा एवढा कुळवृत्तांत आहे, हे आठवले की ताकाच्या पहिल्या घोटाची चव किंचित निराळी लागते.

आता माजघरातून थेट कारखान्यात जाऊ. रोहा, महाड, तारापूर इथल्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे जे कारखाने आहेत तिथे पोलादी टाकीच्या मधोमध वरून एक दांडा उतरलेला असतो, तळाशी पाती, माथ्यावर मोटार. तिथली माणसे त्याला अॅजिटेटर म्हणतात. ही रवी मात्र एकाच दिशेने फिरते, कारण मोटारीला दर क्षणी उलटे फिरवणे परवडत नाही. मग भोवऱ्याचे काय? आजीची युक्ती इथे टाकीच्या भिंतीवर चढवलेली आढळते. आतल्या बाजूला, बहुधा चार ठिकाणी, टाकीच्या व्यासाच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाएवढ्या रुंदीच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गरगरत निघालेला द्रव त्या पट्ट्यांवर आपटतो, मोडतो, वर उसळतो, खाली वळतो. रवीने उलटे फिरायचे नाकारले म्हणून भिंतीने ते काम अंगावर घेतले, असेच मला ही टाकी पहिल्यांदा आतून पाहताना वाटले.

आणि तिथला जाणता ऑपरेटर काय पाहतो? मोटार किती विजेचा प्रवाह ओढते आहे तो आकडा. आतला माल दाटला की पाती जड होतात, मोटार जास्त ओढते, काटा चढतो. झाकण न उघडता त्याला कळते की आत धरले आहे. आजीच्या हाताला जड लागणारी दोरी आणि त्या तबकडीवरचा काटा यांत मला सख्खे नाते दिसते. पाती मध्येच थांबली तर तो घाबरतो, आणि त्याचे घाबरणे योग्य असते. उष्णता सोडणाऱ्या प्रक्रियेत ढवळणे थांबले की दोन द्रव थराथराने न भेटता साचून राहतात, आणि पाती एकाएकी पुन्हा फिरली की सगळा साचलेला दाह एकाच वेळी उसळतो. न ढवळलेल्याचे भय ढवळलेल्याहून मोठे असते, हे त्या वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पिंपरीला 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि आपल्या मातीवर पेनिसिलिन होऊ लागले, तेव्हा तिच्या पोटातही ढवळण्याचाच प्रश्न होता. पेनिसिलिन देणारी बुरशी मूळची पृष्ठभागावर वाढणारी, पावावर किंवा फळावर पसरणारी, कारण तिला श्वास हवा. खोल टाकीत तिने वाढावे तर तिच्यापर्यंत हवा पोचवायची कशी? साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. बुरशी तो बघता बघता संपवते. म्हणून तळातून निर्जंतुक हवा सोडायची आणि पात्यांनी बुडबुडे फोडून इतके बारीक करायचे की पाणी अखंड श्वास घेत राहील. फार जोरात फिरवले तर बुरशीचे धागे तुटतात, हळू फिरवले तर ती गुदमरते. टाकीभर काळोखात एका सजीवाला श्वास पुरवत राहणारी ही घुसळण, आणि तिच्यातून हाती येणारे लोणी म्हणजे न्यूमोनियाच्या तापात फणफणलेल्या लेकराचे इंजेक्शन!

रस्त्यावर काँक्रीटची गाडी आपल्याला रोज आडवी येते. तिचा ढोल वाटेत मंद फिरत असतो, मिनिटाला 2 ते 6 फेरे. माल आधीच कालवलेला असतो, या फेऱ्या तो जमू नये एवढ्यापुरत्या. धुलाई यंत्राच्या मधला खांब मात्र अजूनही आजीच्या रवीसारखा उलटसुलट फिरतो. त्याच्याविषयी एवढेच पुरे, कारण मला आता रक्तपेढीत जायचे आहे.

रक्तपेढीत लाल पेशींच्या पिशव्या 2 ते 6 अंश तापमानाच्या कपाटात गप्प पडून असतात. प्लाझ्मा गोठवलेला असतो. पण प्लेटलेट्सच्या फिकट पिवळ्या पिशव्यांना ना थंडी चालते ना स्थिर राहणे. त्यांना 20 ते 24 अंश लागतात, आणि त्यांचे कपाट दिवसरात्र हलत असते. आडव्या फळ्या डावीकडे जातात, थबकतात, उजवीकडे येतात. डेंग्यूच्या दिवसांत एका नातलगासाठी पिशवी आणायला गेलो तेव्हा काचेपलीकडे ते कपाट पहिल्यांदा पाहिले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. फळ्या मंद लयीत ये-जा करत होत्या, आणि पिशवी उजेडाकडे आली की तिच्यातले द्रावण रेशमी धुक्यासारखे भोवंडताना दिसत होते. तंत्रज्ञ ताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "झोका थांबला तर त्या एकमेकींना चिकटतात. शिवाय त्या श्वास घेतात ना, पिशवीच्या प्लॅस्टिकमधून." हलण्यामुळे पिशवीच्या भिंतीतून प्राणवायू आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो, आम्लता वाढत नाही, आणि अशा झोक्यात त्या साधारण 5 दिवस जगतात. त्या यंत्राचे नावही अॅजिटेटरच. पण मराठीत मी त्याला पाळणाच म्हणेन. रसायनाच्या टाकीतल्या पात्यांना आणि या पाळण्याला एकच नाव देणाऱ्या शब्दाने केवढा पल्ला गाठला आहे!

हाताच्या हळुवारपणाचे असे किती धडे औषधांच्या जगात आहेत. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' हे तर आपण सारेच वाचतो. पण रक्त घेतल्यावर जांभळ्या बुचाची नळी 8-10 वेळा नुसती उलटसुलट करायची असते. जोराने हलवली तर लाल पेशी फुटतात. दुधी रंगाच्या इन्सुलिनची कुपी दोन तळव्यांमध्ये ठेवून घोळवायची असते, जणू करंजीच्या पिठाची वळी वळतो आहोत. ढवळणे, खळबळणे, घोळवणे यांतला भेद स्वयंपाकघराने जसा जपला तसाच दवाखान्यानेही जपला आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या रात्री सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "बाबा आज थोडे अॅजिटेटेड आहेत." आईने विचारले, "म्हणजे काय गं?" सिस्टर क्षणभर थांबली. तिने मनातल्या मनात शब्द शोधला आणि म्हणाली, "तगमग होतेय त्यांची." मी आत गेलो. अण्णांची बोटे चादरीचा काठ चाचपत होती, एकेक धागा चिमटीत धरून सोडत होती. मला पाहून ते म्हणाले, "चल लवकर, गाडी फलाटाला लागली असेल." तीस वर्षे जे कोणाशी आवाज चढवून बोलले नाहीत ते अण्णा उठू पाहत होते, नळ्यांना हात घालत होते.

सिस्टरच्या तक्त्यावर एक आकडा लिहिला जात होता. अमेरिकेतल्या रिचमंड इथल्या डॉक्टरांनी तयार करून 2002 साली प्रसिद्ध केलेली ही मोजपट्टी जगभरच्या अतिदक्षता विभागांत वापरतात. मध्ये शून्य, शून्य म्हणजे जागा आणि शांत. एका बाजूला +4 पर्यंत क्षोभ चढत जातो, दुसऱ्या बाजूला –5 पर्यंत ग्लानी उतरत जाते. तपासण्याची रीतही किती माणुसकीची! आधी नुसते पाहायचे, मग नावाने हाक मारून आपल्याकडे बघायला सांगायचे, आणि एवढ्यानेही जाग आली नाही तरच स्पर्श करायचा. ती पट्टी पाहताना मला झोपाळा आठवला. शून्य ही त्याची विसाव्याची जागा, आणि माणूस तिच्या दोन्ही अंगांना हेलकावतो आहे.

आपला 'अस्वस्थ' हा शब्द त्या रात्री मला उलगडला. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थित असलेला. ज्याचे ठाणे स्वतःपाशी आहे तो. आरोग्याला आपण स्वास्थ्य म्हणतो आणि निवांत बसण्यालाही स्वस्थ बसणे म्हणतो. अण्णांचे ठाणे त्या रात्री कोठल्याशा एसटी स्थानकावर होते. सिस्टरने पिशवीतून त्यांचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला, भिंतीवरचे घड्याळ दिसेल अशी खाट थोडी वळवली, आणि मला म्हणाली, "बोलत राहा, गावाकडचं काहीही बोला." मी विहिरीविषयी बोललो, फणसाविषयी बोललो. बोटे चादरीवर हळूहळू मंदावत गेली. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी चष्म्याच्या काचा पुसून मागितल्या, तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला.

आणि मग तो शब्द, ज्याच्यासाठी आपण इतके फिरून आलो: आंदोलन. आज तो उच्चारला की डोळ्यांपुढे मोर्चा, घोषणा, अडवलेला रस्ता उभा राहतो. पण संस्कृतात 'दोला' म्हणजे झोका. त्याच कुळातून दोलन आले, दोलायमान मन आले, हिंदोळा आणि डोलणेही आले. आंदोलन म्हणजे मुळात झुलणे. गाणाऱ्यांच्या जगात हा अर्थ अजून ताजा आहे. भैरवाचे रिषभ आणि धैवत आंदोलित असतात. दरबारी कानड्याचा कोमल गंधार तर आंदोलनावाचून दरबारीचा होतच नाही. गायक त्या स्वरावर येतो, पण त्यावर टेकत नाही. रिषभाच्या आधाराने तो स्वराला मंद झुलवतो, इतके मंद की स्वर हलतो आहे की आपला श्वास हे सांगता येऊ नये. पेटीची पट्टी दाबून तो गंधार मिळत नाही, कारण त्याचे घर एका बिंदूत नसून त्या ये-जा करण्यात आहे. रात्री उशिरा, मैफल विरळ झाल्यावर, तानपुऱ्याच्या गुंजारवात तो गंधार एकदा पुरता झुलून परत येतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या माना आपसूक हलतात. 'डोलतात' हाच तिथे खरा शब्द.

हाच झोका रस्त्यावर कसा आला? बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत इंग्रजीतून तीन क्रियापदांचा संदेश दिला. त्यातले मधले क्रियापद 'अॅजिटेट'. मराठीत रूढ झालेल्या घोषणेत ते शेवटी गेले आणि त्याचे 'संघर्ष करा' झाले. संघर्षात घर्षण आहे, थराला थर घासणे आहे. डेऱ्यातल्या त्या उलट्या फेऱ्याशी हा शब्द इमान राखतो. तरी मला अनेकदा वाटते, मूळ क्रियापदात मनाच्या घुसळणीचाही जो अर्थ होता, तो ऐकायचा तर त्यांच्या आधीच्या कृतीकडे जावे.

महाडचे चवदार तळे. मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. कागद हलला होता, पाणी स्थिर होते. 20 मार्च 1927 रोजी महाडला भरलेल्या परिषदेचा मांडव सोडून हजारो माणसे शिस्तीने रांगेत चालत तळ्याकडे गेली. बाबासाहेब काठाच्या पायऱ्या उतरले, वाकले आणि पाणी प्यायले. मग इतर प्यायले. आपण त्या क्षणाकडे अगदी जवळून पाहू. चैत्र तोंडावर आलेला, ऊन चढलेले. हाताची ओंजळ पाण्यात शिरते, पृष्ठभाग मोडतो, वर्तुळ उठते, पायरीला लागून परत फिरते, आणि तेवढ्यात शेजारची दुसरी ओंजळ उतरते. आंदोलन या शब्दाच्या दोन्ही अर्थांना त्या पायरीवर एकच रूप मिळाले.

उलटा फेरा आलाच. गावात मारहाण झाली. तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या घागरी त्यात ओतून त्याचे शुद्धीकरण केले गेले. जे दही माझ्या आजीच्या डेऱ्यात लोणी धरत असे, तेच दही इथे माणसाच्या ओंजळीचा स्पर्श धुऊन काढायला वापरले गेले, हे लिहिताना माझा हात थबकतो. मग प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे असा दावा होता. वर्षे गेली, रवी एकदा इकडे, एकदा तिकडे. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दावा करणाऱ्यांचे अपील फेटाळले.

मागच्या वर्षी महाडला गेलो तेव्हा दुपार होती. शहराबाहेर औद्योगिक वसाहतीच्या टाक्यांमध्ये पाती फिरत असणार. इथे तळ्यावर वारा नव्हता. एक बाई दोन मुलांना घेऊन पायऱ्या उतरली. धाकटा चळवळ्या होता, आईचा हात सोडवून पुढे पळत होता. शेवटच्या पायरीवर तिने त्याला कमरेला घट्ट धरले, आणि तो पालथा वाकून, दोन्ही तळवे पाण्यात घालून, मन भरेपर्यंत तळे हलवत राहिला.